इच्छामरण : इच्छा नक्की कुणाची?



आज पापड-लोणच्याचं काही नाही. थोडी रागात आहे, तेव्हा आधीच सांगते, लेख लांबणार.

गेल्या महिन्यात बारामतीला महिला मंडळाच्या एका कार्यक्रमाला गेले होते. वक्ते आपल्याच समाजातले, निवृत्त प्राध्यापक, वाचन दांडगं. बोलता बोलता ते म्हणाले, “पुढारलेले देश आज जो कायदा करताहेत तो आपल्या आचार्यांनी कधीच करून ठेवला आहे. सल्लेखना म्हणजे आपलं इच्छामरणच. उद्या भारतात डॉक्टरांच्या मदतीनं मरण्याचा कायदा आला तर सगळ्यात आधी जैन समाजानं पाठिंबा द्यायला हवा.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सगळ्या वाजवतात म्हणून. परतताना भवानीनगर मागे पडलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपण कशाला टाळ्या वाजवल्या! वरकुट्याला घरी पोचेपर्यंत मी ह्यांच्याशी एकटीच भांडत होते. बिचारे गाडी चालवत “हो, हो” म्हणत होते.

मी कॉमर्सची पदवीधर. तेव्हा एक गोष्ट पक्की शिकवली होती. एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यात टाकली तरी बेरीज जुळते, पण हिशेब खोटा असतो. त्या भाषणात तेच झालं. तीन-चार वेगवेगळी खाती एकाच नावाखाली घातली आणि वर ‘इच्छामरण’ अशी चिठ्ठी चिकटवली.

खाती वेगळी करू या. एक म्हणजे, बरं होण्याची आशा नसलेल्या माणसाचं यंत्रावरचं जगणं थांबवणं, नळ्या काढणं, नव्यानं न लावणं. याला आपल्या देशात परवानगी आहे. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी तसा निकाल दिला. दुसरं, डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन मारणं. तिसरं, डॉक्टरांनी औषध लिहून द्यायचं आणि रोग्यानं ते स्वतः घ्यायचं. ही दोन्ही आपल्याकडे गुन्हा आहेत. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून कायद्यानं चालतात, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात तिसरा प्रकार १९९७ पासून चालतो. वाद चालू आहे तो या दुसऱ्या-तिसऱ्या प्रकाराचा. आणि चौथं खातं आपलं, सल्लेखनेचं. ते या तिन्हींपैकी कशातच बसत नाही.

का बसत नाही? लहानपणी पाठशाळेत पाठ केलेले सल्लेखनेचे अतिचार आठवा. पहिला जीविताशंसा, म्हणजे अजून जगावं ही हाव. आणि त्याला लागून दुसरा, मरणाशंसा. लवकर मरण यावं ही इच्छा. व्रत घेतल्यावर मनात “आता सुटले तर बरं” आलं की व्रताला दोष लागला! ज्या व्रतात मरणाची इच्छा करणं हाच दोष आहे, त्याला इच्छामरण म्हणायचं? मंडळात कुणी उठून एवढं तरी विचारायला हवं होतं. मीच विचारायला हवं होतं.

सल्लेखना कधी घ्यायची ते आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात सांगून ठेवलंय. न टळणारं संकट, दुष्काळ, म्हातारपण, बरा न होणारा रोग, आणि तेही धर्म सांभाळण्यासाठी. या आचार्यांची स्वतःची कथा आपण ऐकलेली आहे. त्यांना भस्मक रोग झाला. खाल्लेलं सगळं भस्म व्हायचं, भूक शमायची नाही, मुनिचर्या सांभाळणं अशक्य झालं. त्यांनी गुरूंकडे सल्लेखना मागितली. गुरूंनी दिली नाही. तुमच्या हातून अजून धर्माचं काम व्हायचंय, वेष सोडा, रोग बरा करून घ्या, पुन्हा दीक्षा घ्या, असं सांगितलं. व्रताचा नियम ज्यांनी लिहिला त्यांनाच मागून मिळालं नाही. आपल्या परंपरेत ‘नाही’ म्हणणारा कुणीतरी असतो, हे त्या प्राध्यापकांच्या भाषणातून गाळलंच गेलं.

दुसरं उदाहरण तर आपल्या घराघरातलं आहे. आचार्य शांतिसागर महाराजांचा फोटो नसलेलं आपल्यातलं घर मला दाखवा. १९५५ साली कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबरला, छत्तिसाव्या दिवशी देह ठेवला. माझ्या माहेरची माणसं तेव्हा दर्शनाला गेली होती, त्याच्या गोष्टी मी आजीच्या मांडीवर ऐकल्या. महाराजांना कॅन्सर नव्हता की वेदना असह्य नव्हत्या. नजर गेली होती. पायाखाली जीव आहे का, ओंजळीतल्या आहारात जीव आहे का, हे दिसेना. न दिसता चालायचं म्हणजे हिंसा, म्हणून देहाचा आधार हळूहळू काढून घेतला. त्या दिवसांत त्यांनी मराठीत उपदेशही केला. हजारो माणसं समोर, गुप्त काही नाही, घाई काही नाही. याची तुलना अर्ध्या तासात काम करणाऱ्या औषधाशी?

आणि आपण विसरलो का २०१५ साल? १० ऑगस्टला राजस्थान उच्च न्यायालयानं संथारा म्हणजे आत्महत्या असं ठरवलं, व्रत घेणाऱ्यावर आणि त्याला मदत करणाऱ्यावर गुन्हा नोंदवायला सांगितलं. २४ ऑगस्टला देशभर आपला समाज तोंडाला कुलूप लावून रस्त्यावर उतरला. दिगंबर, श्वेतांबर, स्थानकवासी सगळे एकत्र, एरवी कुठे एकत्र येतो आपण! ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. तेव्हा आपण एका सुरात काय सांगत होतो? ही आत्महत्या नाही, हे इच्छामरण नाही, ही तपस्या आहे. आता टाळ्या मिळतात म्हणून व्यासपीठावरून उलटं सांगायचं असेल तर त्या मोर्चातली आपली पावलं फुकट गेली.

इथपर्यंत बहुतेकींना पटेल. पुढचं कदाचित आवडणार नाही.

तेव्हा विरोधक आपल्यावर एक आरोप करत होते. म्हाताऱ्या माणसांना, विशेषतः बायकांना, घरातले लोक व्रताच्या नावाखाली मरणाकडे ढकलतात, असा. आपण भयंकर चिडलो होतो. मीही. पण चिडताना माझ्या पोटात एक काटा सलत होता, कारण त्याच्या थोडंच आधी आमच्या घरात काय झालं होतं ते मला माहीत होतं.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना बाई म्हणायचो, चौऱ्याऐंशीव्या वर्षी न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं पण त्या काही पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. चौदा महिने अंथरुणात. दिवसा धुणं-पुसणं, कूस बदलणं, जेवण भरवणं, रात्री दोनदा-तीनदा भांडं द्यायला उठणं, सगळं माझ्याकडे. हे शेतावर, कारखान्याला ऊस जायचा मोसम, मुलं पुण्याला. मी तक्रार करत नव्हते, असं मला वाटत होतं.

पाचव्या-सहाव्या महिन्यात बाई म्हणायला लागल्या, “मला सोडवा आता. मी ओझं झालेय.” रोज. आल्यागेल्याला तेच. आणि लोक काय म्हणायचे? “किती वैराग्य आलंय बाईंना!” माझे मोठे दीर पुण्याहून आले, त्यांनीही तेच ऐकलं. म्हणाले, “सल्लेखना देऊ या. आर्यिका माताजींचा चातुर्मास जवळच आहे. घराण्यात अजून कुणाची झालेली नाही.” घराण्यात कुणाची झालेली नाही! जणू कारखान्याचं संचालकपद. वाईट हे की मला ते ऐकून बरं वाटलं. खरं लिहितेय, मला रात्रीची झोप दिसली.

त्याच आठवड्यात बाईंना ताप भरला, लघवीला जळजळ. डॉक्टर म्हणाले, पाणी अगदी कमी पडतंय. आपल्याकडे सूर्यास्तानंतर पाणी नाही हे मला ठाऊक, पण दिवसाचा त्यांचा तांब्याही अर्धा तसाच राहायला लागला होता. विचारलं तर आधी बोलेनात. मग म्हणाल्या, “जास्त प्यायले की रात्री तुला उठावं लागतं.” आणि थोड्या वेळानं, भिंतीकडे बघत, “तू ताईला फोनवर सांगत होतीस ना, सुटल्या तर त्यांनाही बरं आणि आम्हालाही बरं. खरंच आहे गं ते.”

मी तो फोन माजघरातून केला होता. आवाज खोलीत जातो हे मला माहीत नव्हतं असं नाही.

माताजी आल्या. बाईंजवळ तासभर एकट्या बसल्या. बाहेर येऊन दिरांना म्हणाल्या, “व्रत देता येणार नाही. यांचं मन शांत नाही, दुखावलेलं आहे. आधी सुनेला झोप मिळू द्या. मग यांना मरायचं आहे का ते बघू.” एवढंच बोलल्या आणि निघाल्या. दीर नाराज झाले. मी आत जाऊन रडले.

मग घरात हलवाहलव झाली. जाऊबाईंनी महिन्यातले पंधरा दिवस यायचं कबूल केलं. रात्रीसाठी गावातली एक बाई पगारावर ठेवली. हवेची गादी आणली. दुखण्यावरच्या गोळ्या वेळेवर सुरू केल्या. त्याआधी ‘सवय लागेल’ म्हणून आम्ही हात आखडता घेत होतो, चौऱ्याऐंशीव्या वर्षी कसली सवय लागणार होती देव जाणे. तीन आठवड्यांनी बाईंनी मुगाची खिचडी मागितली आणि तूप कमी पडलं म्हणून मला बोलल्या. ‘सोडवा’ हा शब्द हळूहळू थांबला. त्यानंतर आठ महिने त्या होत्या. नातवाच्या लग्नाचं व्हिडिओवर पाहिलं, माझ्या हळदीकुंकवाच्या साड्यांवर मतं दिली.

शेवटी गिळणं बंद झालं. शरीर घेईना. डॉक्टर म्हणाले, बारामतीला हलवून नळी घालता येईल. बाई शुद्धीवर होत्या, मानेनं नको म्हणाल्या. एकेकाला जवळ बोलावून क्षमा मागितली, माझी मागताना माझा हात हातात धरून ठेवला. माताजींना पुन्हा निरोप गेला. या वेळी त्यांनी नियम दिला. चौथ्या दिवशी पहाटे णमोकार चालू असताना बाई गेल्या. बाई त्याच, घर तेच, माताजीही त्याच. पण आठ महिन्यांपूर्वी जे मागितलं होतं ते वैराग्य नव्हतं, ती माझी फोनवरची वाक्यं होती.

म्हणून मला या कायद्याची भीती वाटते. आमच्या दारात त्या वेळी माताजींच्या जागी फॉर्म घेऊन एखादे डॉक्टर आले असते तर? रोगी शुद्धीवर, मागणी स्पष्ट, वारंवार केलेली, साक्षीदार घरचे. सगळे रकाने भरले असते. ओरेगॉनमध्ये दरवर्षी सरकारी अहवाल निघतो, हे औषध लोकांनी कशासाठी मागितलं त्याचा. मला वाटलं होतं वेदना पहिल्या असतील. नाहीत. परावलंबन आलं, आवडीचं काही करता येत नाही, ही कारणं त्यांच्या कितीतरी वर आहेत. आणि घरच्यांवर ओझं व्हायची भीती हेही खूप जण सांगतात, बहुतेक वर्षी वेदनेपेक्षा जास्त. एवढा श्रीमंत देश, दवाखाने असे, आणि तिथेही माणूस ‘ओझं’ म्हणून औषध मागतो. आपल्याकडे काय होईल? कॅनडात २०१६ ला कायदा आला तेव्हा मरण नजरेच्या टप्प्यात असलेल्यांसाठी होता. २०२१ ला ती अट काढली. दार एकदा उघडलं की चौकट किती रुंद करायची हे नंतरचे लोक ठरवतात.

“पण प्रौढ माणसाला स्वतःचा निर्णय घेऊ द्या की,” असं माझी भाची म्हणते. ती पुण्यात वकिली शिकते, तिच्याशी वाद घालायला मला आवडतं. तिला मी म्हटलं, बाईंच्या नावावर सातबारा नव्हता. बँकेत खातं होतं, पण पासबुक मामंजींच्या आणि नंतर ह्यांच्या कपाटात. सोनं कुठे गहाण पडलं हे त्यांना पडल्यानंतर कळायचं. जिला चौऱ्याऐंशी वर्षांत कुणी काही ठरवू दिलं नाही, तिचा मरायचा निर्णय तेवढा स्वतंत्र? तो बरा सगळ्यांना पटकन मान्य होतो!

लवाटे पती-पत्नींची बातमी तुम्हाला आठवत असेल. मुंबईत गिरगावकडचे, दोघंही नोकरीतून निवृत्त, मूलबाळ नाही. २०१७ च्या अखेरीस त्यांनी राष्ट्रपतींना पत्र लिहून दोघांना एकदम मरण मागितलं. मोठा आजार नव्हता. आता समाजाला आपला उपयोग नाही, आणि एक आधी गेला तर मागे राहणाऱ्याचं काय, असं त्यांचं म्हणणं. शिकलेली, शांतपणे बोलणारी माणसं, त्यांच्यावर मी टीका करणार नाही. पण ‘उपयोग नाही’ हा शब्द मला झोंबला. आपल्या धर्मात जीवाची किंमत उपयोगावर कधी लावली? मुंगीचा काय उपयोग आहे म्हणून आपण पाणी गाळतो?

अरुणा शानबाग यांचं काय, असं कुणीतरी विचारणारच. केईएमची तरुण परिचारिका, मूळची हळदीपूरची. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच एका सफाई कामगारानं कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळून अत्याचार केला, मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या जवळजवळ ४२ वर्षं तशाच पडून राहिल्या. पिंकी विराणी यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, त्यांना यातून मोकळं करा म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांच्या हेतूवर मला शंका नाही. पण केईएमच्या परिचारिका म्हणाल्या, ही आमची आहे, आम्ही सांभाळतो. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयानं त्यांचं ऐकलं. निर्णय घ्यायचा अधिकार लांबून बघणाऱ्याला नाही, रोज करणाऱ्यांना आहे, असं मानलं. आणि त्याच निकालानं कडक अटींवर उपचार थांबवायची वाटही पहिल्यांदा खुली केली. इतक्या वर्षांत अरुणाताईंना एकदाही बेडसोअर झाला नाही, असं केईएमकडून न्यायालयात सांगितलं गेलं होतं. ज्यांनी अंथरुणातलं माणूस सांभाळलंय त्यांना या वाक्याचा अर्थ कळेल. १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं त्या गेल्या.

मला त्या परिचारिकांचं फार कौतुक आहे. पण त्यांचं उदाहरण देऊन “बघा, सेवा अशी करायची असते” म्हणणाऱ्यांचा रागही येतो. केईएममध्ये पाळ्या होत्या. एकीची ड्यूटी संपली की दुसरी यायची. आपल्या घरात तीन पाळ्या एकाच सुनेच्या. इच्छामरणाच्या बाजूचे रोग्याच्या हक्काचं बोलतात, विरोधातले धर्माचं बोलतात, रात्री भांडं कोण देतं हे दोघांच्याही भाषणात नसतं. बारामतीच्या व्यासपीठावरही नव्हतं. समोर दीडशे बायका बसल्या होत्या, त्यातल्या शंभरींनी तरी ते केलेलं असेल.

मी काही ‘शेवटच्या श्वासापर्यंत यंत्र लावा’ या मताची नाही. उलट ते मला हिंसेइतकंच वाईट वाटतं. आमच्या नात्यातले एक काका, पन्नास वर्षं सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेतला नाही. शेवटचे एकोणीस दिवस एका मोठ्या दवाखान्यात व्हेंटिलेटरवर होते. मेंदूत रक्तस्राव झालेला, डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशीच आशा नाही म्हणून सांगितलेलं. रात्री दहाला परिचारिका नाकातल्या नळीतून दुधाची पावडर कालवून घालायची. काकू काचेबाहेरून बघायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. मुलांना वाटे, थांबवा म्हटलं तर लोक काय म्हणतील. एक एकर गेली. गेली त्याचं दुःख कुणाला नाही, पण त्या माणसाचं व्रत त्याच्या शुद्धीबाहेर एकोणीस वेळा मोडलं, ते कोणत्या खात्यात मांडायचं?

हे टाळायची सोय आज कायद्यात आहे आणि आपल्यात कुणालाच माहीत नाही. २०१८ च्या निकालानं आधीच लिहून ठेवायची परवानगी दिली. लिव्हिंग विल म्हणतात त्याला. तेव्हा अटी एवढ्या होत्या की न्यायदंडाधिकाऱ्यांपर्यंत जावं लागे. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयानं ते सोपं केलं. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का घ्यायचा. आपल्या वतीनं बोलणाऱ्या जवळच्या माणसांची नावं घालायची, एकाहून जास्त घालता येतात. एक प्रत आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना, एक महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीनं नेमलेल्या माणसाकडे. वेळ आली की दवाखान्यातलं तीन डॉक्टरांचं मंडळ बघतं, मग दुसरं मंडळ बघतं, प्रत्येकानं शक्यतो ४८ तासांत ठरवायचं. मन बदललं तर कागद कधीही रद्द करता येतो. गोव्यात उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०२४ मध्ये स्वतःचा असा कागद केला, तेव्हा पेपरात आलं होतं. बघा, यातही दोनदा ‘थांबा, बघू’ म्हणणारे आहेत. म्हणून मला हा मार्ग आपल्या वळणाचा वाटतो आणि इंजेक्शनचा वाटत नाही.

असाध्य आजारात तडफडणाऱ्या माणसापुढे माझं हे बोलणं थिटं पडतं, हे मला माहीत आहे. घशाच्या कॅन्सरची एक शेजारीण मी पाहिली आहे. तिच्यासमोर मरणाशंसेचा अतिचार सांगायची माझी छाती नव्हती आणि नसेल. पण तिला तेव्हा काय हवं होतं? मॉर्फिन. तिचा मुलगा त्यासाठी दर आठवड्याला पुण्याला जायचा. अफूची कायदेशीर शेती आपल्या देशात होते, आणि १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं ते औषध इतकं जखडून ठेवलं की डॉक्टरही ठेवायला घाबरायचे. २०१४ ला कायदा सैल केला, तरी तालुक्याच्या गावी विचारून बघा, मिळतं का. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रोग्यांची अशी सेवा फुकट करतं, घरच्यांना कसं सांभाळायचं ते शिकवतं. इंदापूर तालुक्यात असं एक तरी असावं म्हणून आपण कधी अर्ज केला? मंदिराच्या शिखरासाठी आपल्या समाजात आठवड्यात पैसे जमतात, मी स्वतः वर्गणी गोळा केलेली आहे. मरण सोपं करणाऱ्या कायद्याला पाठिंबा द्या म्हणणाऱ्यांनी आधी दुखणं सोपं करणाऱ्या गोळीसाठी एक सभा घ्यावी. मी खुर्च्या मांडायला येते.

माझा कागद मी दिवाळीनंतर केला. इंदापूरला नोटरींनी आधी विचारलं, “काकू, मृत्युपत्र ना? जमीन कुणाला?” समजावून सांगायला अर्धा तास गेला, मग त्यांनी स्वतःसाठीही मसुद्याची एक प्रत ठेवून घेतली. मी लिहिलंय ते असं: बरं होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर नको, नाकातून नळी नको. वेदनेवरचं औषध मात्र लागेल तेवढं द्यावं, सवय लागेल म्हणून आखडू नये. शुद्ध असेल तर रात्री काही देऊ नये. माझी सेवा एकट्या सुनेवर टाकू नये, मुलानं आणि मुलीनं पाळी लावून घ्यावी, रात्रीला पगारी माणूस ठेवावं, त्यासाठीच्या मुदत ठेवीचा नंबर खाली दिला आहे. नोटरी म्हणाले, हे शेवटचं कायद्यात बसत नाही. म्हटलं, बसू नये, पण लिहा.

सून वाचून म्हणाली, “आई, हे आत्ताच कशाला?” मुलगा काहीच बोलला नाही, ठेवीचा नंबर मात्र त्यानं मोबाइलमध्ये टिपून घेतला. ग्रामपंचायतीत प्रत द्यायला गेले तर ग्रामसेवक म्हणाले, असला कागद कुठे ठेवायचा ते वरून विचारून सांगतो. दोन चकरा झाल्या, तिसरी सोमवारी. त्या प्राध्यापकांनाही हे सगळं पत्रानं कळवलंय. त्यांचं उत्तर आलं की इथे टाकीन, जसं आलं तसं.

उत्तम क्षमा.